पांढरी पूड, हिरवी पूड
भाजीबाजारात तिला सगळे छत्रीबाई म्हणत. रानातून खुडून आणलेली अळंबी विकायला मांडण्याआधी तिच्या टेबलावर यायची. ती टोपी उलटून बघायची, देठ मोडायची, हुंगायची आणि मग परडीच्या चिठ्ठीवर शिक्का मारायची. एकवीस वर्षांत त्या शिक्क्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. घरी मात्र कौतुक बेताचंच. वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ म्हणायची, दिवसभर छत्र्या हुंगून जाऊबाईंचं नाक कामातून गेलंय, नाहीतर माझी करपलेली भाजी त्यांनी मुकाट्याने खाल्ली नसती.

एका शनिवारी याच जावेने बाजारातून अळंबी आणली, लोण्यात परतली आणि दुपारी नवराबायकोने चाटूनपुसून खाल्ली. तीन तासांत दोघंही आडवी. उलट्या थांबेनात, तेव्हा छत्रीबाईनेच त्यांना दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. काय खाल्लं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं, तर तिनेच घाईघाईने सांगितलं की लोणी जुनं असणार.

"शिक्का बघूनच घेतली होती," जाऊ म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच छत्रीबाईला जास्त लागलं.

रविवारी सकाळी तिने वर जाऊन फ्रीज उघडला. पिशवीत चार छत्र्या उरल्या होत्या. माल दाढीवाल्या विक्रेत्याचा. तो पहिल्या वर्षापासूनचा ओळखीचा, आणि त्या दिवशी रांग लांब होती. त्याची परडी तिने नुसती वरवर बघून पुढे सरकवली होती. यंदा तो नव्या कुरणातून खुडतो, हे त्याने सांगितलंही होतं.

या छत्रीच्या दोन जाती, सख्ख्या बहिणींसारख्या. दोघींची टोपी पांढरी, वर तपकिरी खवले, देठाला कडं, आणि कोवळ्या असताना टोपीखालच्या पात्याही पांढऱ्याच. एक खुशाल खावी, दुसरी पोट पिळून काढते. फरक पडतो तो पात्यांतून झडणाऱ्या पुडीत. एकीची पांढरी, दुसरीची हिरवट. त्यासाठी देठ कापायचं, टोपी कागदावर पालथी ठेवायची, वर वाडगा झाकायचा आणि तासन्‌तास थांबायचं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ती हे शिकली होती. पुढे नजर बसली आणि वाडगे कपाटात गेले.

तिने अर्धा काळा, अर्धा पांढरा असे चार कागद चिकटवून तयार केले, चारही टोप्या झाकल्या आणि खुर्ची ओढून बसली. दुपारी वाडगे उचलले. तिघींची पूड काळ्या भागावर पिठासारखी उठून दिसत होती. चौथीची पांढऱ्यावर दिसत होती. फिकट, पण हिरवी.

सोमवारी ती बाजाराच्या कचेरीचा जिना चढत असताना दाढीवाल्याने गाठलं. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं.

"शिळी होती म्हणून सांग. कोण बघायला येतंय?"

"मी बघितलंय ना," ती म्हणाली आणि वर गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि शिक्का कुलपात टाकला, दीड महिन्यासाठी. त्या मालाची विक्री त्याच दिवशी बंद झाली. तिने स्वतःच्या अक्षरात सूचना लिहून फाटकावर लावली. आणखी पाच घरांतले लोक आजारी पडल्याचं कळलं, सगळे सावरत होते. ती प्रत्येकाकडे गेली. एका घरी चहा मिळाला. एका घरी दार तोंडावर बंद झालं, तेही तिने सोसलं. जावेने चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी खिचडी कशी करायची ते विचारायला खाली आली. अळंबी मात्र तिने कायमची सोडली.

शिक्का परत मिळाला तेव्हा छत्रीबाईने टेबलावर बारा वाडगे मांडले. या जातीची परडी सकाळी आठला द्यायची, उत्तर चारला मिळेल. तोवर माल सुकतो म्हणून विक्रेते कुरकुरले, दोघंतिघं दुसऱ्या बाजाराला गेले. दाढीवालाही गेला. दोन महिन्यांनी एका सकाळी तो परडी घेऊन उभा राहिला. खिशातला चाकू काढून त्याने स्वतःच एकेक देठ कापलं आणि टोप्या कागदावर पालथ्या घालू लागला. तिने त्याच्याकडे वाडगे सरकवले.