दहादा संपणारं संगीत

निवृत्त झाल्यावर माणसाला अचानक काहीतरी कळायला लागतं. कुणाला आयुर्वेद कळतो, कुणाला राजकारण. मला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत कळायला लागलं. कळंबच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, तेव्हा माझा संगीताशी संबंध राष्ट्रगीताला ताठ उभं राहण्यापुरता. मुलीनं निवृत्तीची भेट म्हणून वाटीएवढा स्पीकर दिला, मोबाइलनं एक दिवस आपल्याच मनानं बॅलेचं संगीत लावलं, आणि मी कामातून गेलो.

बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर उभं राहून करायचा नाच. त्याचं संगीत नवशिक्यांसाठी फार सोयीचं, असं माझं ठाम मत आहे. नाचणारीला पाऊल कुठे टाकायचं ते कळलं पाहिजे, म्हणून ताल उघड असतो. चाल पटकन लक्षात राहते. आणि एकेक तुकडा आपल्याला कंटाळा यायच्या आत आटोपतो. हे मी पेपरवाल्याला समजावून सांगितलं. तेव्हापासून तो पेपर फाटकाबाहेरूनच फेकतो.

पण मला पेपरवाला नको होता. बायकोनं अर्धा तास माझ्याशेजारी बसून हे ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. चांगली गोष्ट एकट्यानं ऐकली की ती अर्धीच ऐकल्यासारखी वाटते. आणि निवृत्तीनंतर माझ्या लक्षात आलं होतं की आमच्या घरात माणसं दोन असली, तरी बोलणं भाजी काय करायची आणि मोटर बंद केली का, यापलीकडे जात नाही. ती मात्र कधी रिकामी नसायची. तिचं भजन मंडळ होतं.

हे मंडळ नऊ बायकांचं. दर शनिवारी दुपारी पाळीपाळीनं एकेकीच्या घरी बसतं. शेवटी गावच्या चिंतामणी गणपतीचा जयकारा द्यायचा मान घरधन्याचा. पुरुषमाणसं तेवढ्यासाठी दुकान सोडून घरी येतात. आमच्या घरी तो शेजारच्या काकू देतात, कारण आमच्या पाळीला घरधनी आतल्या खोलीत दार लावून पेपर तपासत असायचा. मंडळाला मी टाळकुटं मंडळ म्हणायचो. तीस वर्षं म्हणत होतो, आणि दर वेळी मला ते नव्यानं विनोदी वाटायचं.

शेवटी बायकोच म्हणाली, “शनिवारी आपल्या घरी पाळी हाये. आधी अर्धा तास तुमचं लावा. बाया बी ऐकतीन, मी बी बसीन. पण मंग माह्या मागं लागू नका.”

मी दोन दिवस तयारी केली. शाळेतून निवृत्तीच्या वेळी आणलेला गुंडाळी फळा भिंतीला टांगला. शनिवारी सतरंजीवर नऊ बायका बसल्या आणि मी उभा राहिलो. सवय.

पहिला तुकडा हंसांचा. त्यातलं मुख्य वाद्य आपल्या सनईच्या लांबच्या नात्यातलं. बायका शांत झाल्या, हे पाहून मी कथाही सांगितली: एका जादूगारानं राजकन्येला शाप दिला, ती दिवसा हंस होते.

“काहून देल्ला शाप?” ढोलकीवाल्या बाईंनी विचारलं. या निवृत्त अंगणवाडी सेविका, त्यांना कारणाशिवाय काही चालत नाही.

“त्याची मर्जी. पुढे एक राजपुत्र तिला लग्नाचं वचन देतो. मग तेच वचन दुसरीलाही देतो. चुकून. ती हिच्यासारखीच दिसते म्हणून.”

“चुकून!” नऊही जणी एकदम म्हणाल्या. राजपुत्राची बाजू घ्यायला मी मेहनत घेतली, पण उपयोग झाला नाही.

दुसरा तुकडा वॉल्ट्झ, म्हणजे तीन-तीन मात्रांचा नाच. फळ्यावर मी एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं लिहीपर्यंत ढोलकी सुरू झालीसुद्धा. “सर, हा तं आपला दादरा हाये!” आणि खरोखर, तिकडच्या राजवाड्यातला नाच आमच्या सतरंजीवरच्या दादऱ्यात असा चपखल बसला की मला रागच आला. या संगीतात ऐकणाऱ्यांनी गप्प बसायचं असतं, असं मी सांगितलं. बाईंनी ढोलकीवरचे हात उचलले. पायाचा अंगठा मात्र हलतच राहिला. तिकडे मी काणाडोळा केला.

तिसरा तुकडा शेवटचा, नगारे आणि पितळी वाद्यांचा. या संगीतात एक खोड आहे. ते संपायला तयार नसतं. सगळी वाद्यं मिळून दणदणीत शेवट करतात, आपण सुस्कारा टाकतो, आणि ती पुन्हा उठतात. पहिला दणका झाला तशा बायका उठल्या, शेजारच्या काकूंनी हात वर केले: “बोला चिंतामणी महाराज की...” “जय!” जयघोषाच्या मधोमध नगारे पुन्हा सुरू. बायका दचकून खाली बसल्या. दुसरा दणका, दुसरा जयकारा. चौथ्या वेळी मी दहावी ‘क’च्या वर्गात काढायचो तो आवाज काढला, “संपलं की मी सांगीन!”

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. “दहादा संपते हे,” ती म्हणाली.

खरोखर संपलं तेव्हा कुणी हललं नाही. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी “संपलं” म्हटलं, तेव्हा काकूंनी साठवून ठेवलेला जयकारा दिला.

“चांगलं हाये,” बायको म्हणाली. “थे हंसाचं पुन्हा लावजा कधी. दोघंच असलो की.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पेपरवाल्याला बोलावून सांगावंसं वाटलं. त्याच भरात मी फळा गुंडाळला, स्पीकर उचलला आणि आतल्या खोलीकडे निघालो. मागे टाळ जुळत होते. दाराच्या कडीला हात लावला, तेवढ्यात ती म्हणाली, “कुठी चालले?”

“तुमचं भजन आहे ना आता.”

“मी बसली होती ना अर्धा तास?”

तिनं एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही. पण माझा हात कडीवरच राहिला. तीस वर्षांत मी तिचं भजन ऐकलं होतं ते बंद दारातून. नऊ आवाजांतला तिचा कोणता, हे मला सांगता आलं नसतं. मला लाज वाटली. मी परत आलो, सतरंजीच्या कडेला बसलो. गुडघे कुरकुरले तेवढंच.

तिचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा खालच्या पट्टीतला निघाला. एका ओळीवर ती थांबे, ढोलकीही थांबे, आणि दोघी मिळून समेवर अशा यायच्या की माझ्या फळ्यावरचं गणित त्यापुढे फिकं. मी एकदाही मोबाइलकडे पाहिलं नाही. मग लय वाढली, टाळ एकवटले, ढोलकीवर मोठी थाप पडली आणि सगळं थांबलं.

शेजारच्या काकूंनी सवयीनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. मला माझं कर्तव्य कळलं. मी दोन्ही हात वर केले आणि भिंती हलतील अशा आवाजात ओरडलो, “बोला चिंतामणी महाराज की...”

जय कुणीच म्हटलं नाही. ढोलकीवाल्या बाई आढ्याकडे पाहत होत्या. बायकोचे डोळे मिटलेले, हात उंचावलेला. एक कडवं अजून बाकी होतं. माझे कान तापले. ती डोळे उघडून आता काय बोलते, म्हणून मी मान खाली घातली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आमचं बी दहादा संपते.”

आणि शेवटचं कडवं तिनं माझ्याकडे पाहत म्हटलं.