दुसऱ्या ओळीचा कॉर्ड

गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि ते चेष्टेने नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी अकॉर्डियन दुरुस्त केली. गिऱ्हाईक वाद्य टेबलावर ठेवायचं, ठेवताना भात्यातून जो सुस्कारा निघायचा तेवढ्यावरून हे सांगायचे, "वरची एक पट्टी कणसूर झालीय. उद्या या." असा माणूस ऐन गरजेच्या आठवड्यात स्वतःच्याच कानाने फसला, आणि तेही पठ्ठ्याला कळलं ते पार शेवटी.

त्यांच्या बायकोच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, पुढच्या गुरुवारी काढू. आवाज राहील, पण कसा राहील ते आज सांगता येणार नाही. बायको टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. तीस वर्षं ज्या आवाजाने अर्ध्या शहराला ‘जरा थांबा, जोडून देते’ म्हणून सांगितलं, तो असा पणाला लागला. लेक दूरदेशी होती, सातवा महिना लागला होता. ती फोनवर म्हणाली, "आई, ते बुटांचं गाणं रेकॉर्ड करून ठेव ना. बाळाला मी तुझ्याच आवाजात ऐकवणार."

बुटांचं गाणं बायकोने स्वतःच रचलेलं. लेक लहान असताना तिचा एक बूट कधी दुसऱ्याजवळ सापडत नसे, त्यावरून. चारच ओळी.

एक बूट दाराशी, एक खाटेखाली,
दोघांची आज कशी चुकामूक झाली.
शोधत निघाला एक अंधारात गं,
सकाळी दोघेही एकाच घरात गं.

खरं तर फोन समोर धरून दोन मिनिटांत संपणारं काम. पण कानसेन म्हणाले, "नुसता आवाज काय पाठवायचा? खाली नीट साथ हवी." त्यांची बोटं आता आखडली होती, भाता ओढवत नव्हता. म्हणून शाळेत संगीत शिकवणारी मेहुणी आली, तिने लॅपटॉपवर एक प्रोग्राम घालून दिला आणि तासभर शिकवलं. "भाऊजी, अगदी सोपं आहे. हे रंगीत ठोकळे बघा. एक ठोकळा म्हणजे एक कॉर्ड, तीन-चार सूर एकदम. गाण्याखाली ओळीने मांडत जायचे."

भाऊजींना काही सोपं वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीने कॉर्ड म्हणजे अकॉर्डियनच्या डाव्या बाजूचं बटण. दाबलं की वाजतं, त्याला नाव कशाला लागतं? इथे प्रत्येक ठोकळ्यावर नाव, नावापुढे आकडा, आणि आकड्याला धरून आणखी एक अक्षर. त्यांनी आधी त्यातला पियानो वाजवून पाहिला आणि नाक मुरडलं. सुरात होता, पण जीव नव्हता. त्यांच्या दुकानातलं प्रत्येक वाद्य नेमक्या सुरापेक्षा केसभर चढं लावलेलं असायचं. त्यानेच वाद्याला तेज येतं, हा त्यांचा जुना हट्ट. ट्यूनिंगचं बटण सापडताच त्यांनी सवयीने ते केसभर वर नेलं, आणि चष्मा पुसल्याचं जसं कुणी लक्षात ठेवत नाही, तसं ते विसरूनही गेले.

शुक्रवारी काम सुरू झालं. खिडकीवर पांघरूण टांगलं, बायकोला कपाटासमोर खुर्चीत बसवलं, पुढे माइक. ते ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून तिला त्याचा नेमका सूर देत, ती गाऊ लागे. पियानो फक्त त्यांच्या हेडफोनमध्ये. पहिली ओळ भरभर जायची, छान जायची. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘झाली’ लांबवायचं होतं. ती लांबवू लागली आणि कानसेनांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. कॉर्ड वर आणि तिचा आवाज त्याच्याखाली, अगदी केसभर.

चौतीस वर्षांच्या संसारात तिचा सूर कधी ढळला नव्हता. म्हणजे गाठ सुरापर्यंत पोचली तर. हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी हात वर केला. "अगं थांब. कॉर्ड चुकलाय."

मग सुरू झाला कॉर्डचा घोळ. तिचा उतरलेला सूर ज्याच्या पोटात लपेल असा ठोकळा त्यांना हवा होता. एफ काढून डी मायनर घातला. डी मायनर काढून सस फोर नावाचं काहीतरी घातलं, ते कशासाठी असतं ते आजतागायत त्यांना ठाऊक नाही. मेहुणीला फोन केला की ती तिसराच कॉर्ड सांगायची. तो लावावा तर ‘झाली’ आणखी उघडं पडायचं. डोकं नुसतं भणभणायला लागलं. कॉर्ड बदलायचा, बायकोला पुन्हा गायला लावायचं, ‘झाली’पाशी हात वर. शनिवार गेला, रविवार गेला.

"माझं काही चुकतंय का?" तिने सोमवारी विचारलं.

"तुझं कुठे काय चुकतंय? ह्या यंत्राला अक्कल नाही."

"मग तुम्ही असे का बघता माझ्याकडे?"

"कसा बघतो? नेहमीसारखाच तर बघतो. चल, घे सूर."

ती गरम पाणी पिऊन पुन्हा गायची. मंगळवारी आवाज फाटू लागला. बुधवारी सकाळी तिने चहाला हाक मारली, तर नुसती हवा आली. डॉक्टरांनी घसा जपा म्हणून बजावलं होतं, आणि यांनी पाच दिवस तो रगडून घेतला होता. कानसेनांना स्वतःचीच लाज वाटली. ते बाहेरच्या खोलीत गेले, तिचा रेकॉर्ड केलेला नुसता आवाज मेहुणीला पाठवला आणि दबक्या आवाजात फोनवर म्हणाले, "तुझ्या ताईचा सूर उतरलाय. तिला बोलू नकोस. पण असा आवाज झाकेल असा एखादा कॉर्ड सांग."

दुपारी शाळेतून मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, मी इथल्या पियानोवर लावून पाहिलं. ताई एकदम सुरात आहे."

"शक्य नाही. मी माझ्या कानाने ऐकलंय."

"मग तुमचा पियानो चढा असेल. तुम्ही कुठे काही फिरवलंत का?"

नाही, असं ते म्हणायला गेले आणि त्यांना ते ट्यूनिंगचं बटण आठवलं.

बटण जागेवर आणलं. शुक्रवारचे पहिले तीन साधे कॉर्ड पुन्हा मांडले. ‘झाली’ त्यावर अलगद टेकलं. कानसेनांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोचा सूर जिथल्या तिथे होता, गाठीने त्याला हातही लावला नव्हता. आता एक पूर्ण गाणं निवडायचं आणि लेकीला धाडून द्यायचं.

त्यांनी पहिलं रेकॉर्डिंग लावलं. एक बूट दाराशी, चुकामूक झाली, अगं थांब. दुसरं लावलं. झाली, अगं थांब. तिसरं, दहावं, तिसावं. एकेचाळीस वेळा तिने गायलं होतं आणि एकेचाळीस वेळा त्यांनी तिला तिथेच अडवलं होतं. तिसरी ओळ कुठेच नव्हती. चौथी तर नव्हतीच.

बायको आतल्या खोलीत उद्यासाठी बॅग भरत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. बटण, कॉर्ड, तिच्याबद्दल धरलेली भीती. ती टॉवेलची घडी हातात धरून ऐकत राहिली.

"मला सांगायचं ना, सूर उतरलाय म्हणून," ती कुजबुजली. ऐकायला त्यांना जवळ जावं लागलं. "मी म्हटलं असतं, उतरू दे. पुढचं गाऊन टाकलं असतं."

त्यांनी तिच्या हातातला टॉवेल घेऊन बॅगेत ठेवला.

तिने बॅग बाजूला सारली आणि बाहेर येऊन माइकसमोर बसली. कानसेनांनी रेकॉर्डचं बटण दाबलं. सूर द्यायचा का, हेही त्यांना कळेना. उरलेल्या दोन ओळी तिने कुजबुजत म्हटल्या, सुराविना, श्वासाला थांबत. शेवटचं ‘घरात गं’ तर जेमतेम ओठांवरच आलं. पडद्यावर त्याची एक बारीक रेघ उमटली.

त्या रेघेखालची जागा रिकामी होती. कानसेनांनी ठोकळ्यांची यादी उघडली, खालपर्यंत नेली, पुन्हा वर आणली.

"इथे कोणता लावू गं?" त्यांनी विचारलं.

"कोणताही लावा," ती म्हणाली. "आता कुठलाही बसेल."