मामाच्या कॅमेऱ्यातली कावीळ

हे मी सहसा कोणाला सांगत नाही. सांगितलं की पुढचे दोन महिने लोक मला पाहून ऊस चावायची नक्कल करतात. पण आज विषय निघालाच आहे, चहाही फर्मास झालाय, तर ऐका. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण तो किरकोळ. अख्खा मोहल्ला आजारी पाडायचा मान एकदाच मिळाला. तोही नुसते फोटो काढून!

माझा मामा जहाजावर स्वयंपाकी होता. दोन वर्षांतून एकदा नागपूरला उगवायचा आणि बहिणीला भेटून दोन दिवसांत परत जायचा. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला आला तो काखेत एक चपटी पेटी घेऊन. पेटीचं झाकण ओढलं की ती उभी राहून कॅमेरा व्हायची. बटण दाबलं की ढर्रर्र करून तोंडातून एक जाड चौकोनी कागद बाहेर टाकायची. आधी कोरा, राखाडी. मग तुमच्या डोळ्यांदेखत त्यात माणसं उगवायला लागायची!

आता तुम्हाला त्याचं काय वाटणार? तेव्हा फोटो म्हणजे स्टुडिओत जा, केसांना तेल लावून स्टुलावर बसा, आठ दिवसांनी पाकीट आणा आणि बघा, की आपले डोळे मिटलेले आहेत.

"याच्यात दहाच फोटो हायेत," मामा जाताना म्हणाला. "दाजींच्या रिटायरमेंटच्या जेवणाले काढजो. अन् हा कागद पयले नीट वाचून घेजो."

कागद इंग्रजीत. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. घड्या आठ. मी उघडला, चित्रं पाहिली, "हं" म्हटलं आणि घडी घातली.

"वाचलं?"

"पाठ झालं, मामा."

इथे माझी ओळख करून देतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पहिलं वर्ष मी दोनदा केलं होतं, म्हणजे इतरांपेक्षा माझं विज्ञान दुप्पट पक्कं. घरात तर माझ्या शब्दाला फारच वजन. कारण आमचे बाबा! बाबा मिलमध्ये विणाई खात्यात. छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात नजर, उतारा, अंगारा हे शब्दसुद्धा बंद. कोणी काहीही सांगितलं की बाबांचा एकच सवाल, "पुरावा काय?" आणि पोरगा सायन्स शिकतो म्हणून त्यांची छाती अशी फुगायची की सदऱ्याची गुंडी तुटावी.

त्याच महिन्याच्या शेवटी बाबा रिटायर होणार होते. चौतीस वर्षं नोकरी. मिलमधले पन्नास-साठ सोबती जेवायला येणार. बेत वडा-भाताचा! वरून लाल मिरचीची कडकडीत फोडणी. बाबांनी त्यासाठी भिवापूरची मिरची आणून ठेवली होती आणि घराला स्वतःच्या हातानं चुना मारला होता. वर्षभर घरात दुसरं बोलणंच नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पंगतीत जेवलेल्या माणसाला एकदा आपली पंगत उठवायची होती, एवढंच.

मी कॅमेरा अगदी सुरक्षित ठेवला. कुठे? टिनाच्या छपराखाली, लोखंडी पेटीवर. मे महिन्यात आमच्या टिनाखाली काय व्हायचं ते नागपूरकराला सांगायला नको. बाकीच्यांनी पापड वाळवायला यावं.

जेवणापर्यंत थांबायचं होतं खरं. पण मला तीन दिवस दम निघाला नाही. एक फोटो नमुन्याला काढू म्हटलं. उजेड भरपूर हवा म्हणून वेळ निवडली दुपारी बाराची. चुना मारलेल्या भिंतीसमोर बाबा, आई आणि आमची पांढरी बकरी राणी. ढर्रर्र! कागद बाहेर आला. आम्ही तिघं त्यावर डोकी लावून बसलो. माणसं उगवली.

पिवळी!

पिवळी म्हणजे काय सांगू, हळद लावलेली! बाबा पिवळे, आई पिवळी, राणी पिवळी.

"काहून गा," आई घाबरून म्हणाली, "मी एवढी पिवळी आहो?"

आता खरं बोलायची ही वेळ होती. "आई, माझं काहीतरी चुकलं," एवढे चार शब्द. पण बी.एस्सी.च्या पोराचं चुकेल कसं?

"आई, कॅमेरा मशीन आहे," मी म्हणालो. "मशीन खोटं बोलत नाही. आपल्या डोळ्याले जे दिसत नाही, ते फिल्मले दिसते."

बाबा भिंतीकडे पाहत होते. "पन भित काहून पिवळी आली? मी तं परवाच चुना मारला."

बघा, देवसुद्धा एवढी संधी देत नाही! मी काय म्हणालो? "ते रिफ्लेक्शन आहे, बाबा. तुमचा पिवळेपना भितीवर पडून रायला."

"असं आहे होय," बाबा गंभीरपणे म्हणाले. "अजून एक काढ. एका फोटोनं सिद्ध होत नाही."

दुसरा काढला. दुसरा पहिल्याहून पिवळा! सिद्ध झालं.

आमच्या शेजारी गुलाबराव कंपाउंडर राहायचे. ते ज्या दवाखान्यात कामाला होते तिथले डॉक्टर उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचे, त्यामुळे मेमध्ये गुलाबरावच डॉक्टर. त्यांनी फोटो उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बावा, ही कावीळ आहे."

"पन आम्हाले तं काही होत नाही," आई म्हणाली.

"वैनी, हेच तं वाईट. अजून बाहेर नाही आली. आतमधीच आहे."

"म्हणजे आपल्या पोट्ट्यानं बिमारी यायच्या आधीच पकडली!" बाबा म्हणाले. काय तो अभिमान! बायकोला, बकरीला आणि स्वतःला कावीळ झाली म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग गुलाबराव सहज म्हणाले, "माहाही एक काढ बरं." काढला. त्यांचा चेहरा फोटोत उगवत गेला, तसतसा इकडे खरा चेहरा मावळत गेला. पिवळे! मिशीसुद्धा पिवळी! ते तिथेच बाजेवर आडवे झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्टीवर गेले.

बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत दारात रांग. कोणी पोरं घेऊन, कोणी सासूला हाताला धरून. मी घरटी एक फोटो काढला आणि आधीचे तीन धरून नऊ फोटोंत गल्ली आटोपली. एक माणूस पांढरा निघेल तर शपथ! आणि गंमत अशी, की फोटो पाहिल्यावर सगळ्यांना एकमेकांचे डोळे खरंच पिवळे दिसायला लागले. समोरच्या काकू म्हणाल्या, नाल्यापलीकडे एक बाबा मंत्र टाकून कावीळ उतरवतो. आमचे बाबा कडाडले, "घरात कॅमेरा असून मांत्रिकाकडे जाता वं? काही लाजबिज?"

गुलाबरावांनी पडल्या पडल्या गल्लीला पथ्य लावलं. तेल बंद, तिखट बंद, पाणी उकळून. आणि दिवसभर ऊस चावायचा. रसवंतीवरचा रस मात्र अजिबात नाही. "तिथं सारे गिलास एकाच बालटीत बुचकळतात," ते म्हणाले.

आता गल्लीत निरोगी माणसं किती उरली? एक. मी! कारण नऊही फोटोंत मी कॅमेऱ्यामागे होतो. म्हणून सगळी कामं माझ्या गळ्यात. सकाळी सायकलवर कॉटन मार्केट, तिथून उसाची मोळी कॅरिअरवर बांधून परत. सोलायचा, कांड्या करायच्या, घरोघर वाटायच्या. बाबांना पुढचे दात नव्हते, त्यांचा ऊस खलबत्त्यात कुटायचा. मग मऊ भात शिजवायचा, तोही आळणी. येताना ऊन असं रणरणत असायचं, की मी कोपऱ्यावरच्या रसवंतीवर थांबून बर्फ घातलेल्या रसाचे दोन गिलास मारायचो. रोज! पथ्य आजाऱ्यांना. मला काय होणार होतं?

तुम्ही आमची गल्ली तेव्हा पाहायला हवी होती. सकाळपासून सगळे ओट्यावर, कडाकडा ऊस मोडताहेत, गप्पा रंगल्यात, दोन वर्षं अबोला धरलेल्या जावा एका कांडीवरून बोलायला लागल्यात. मधोमध चिपाडांचा ढीग आणि त्यावर राणी. तीही पेशंटच, पण असली गुटगुटीत पेशंट मी पाहिली नाही. गुलाबरावांचंही पोट सुटलं. माझ्या मनात कधी कधी येई, की काविळीत माणूस असा बाळसं धरतो का? पण विचार कोण वाढवतो!

महिना संपत आला तशी खरी गोष्ट पुढे आली. एका दुपारी बाबांनी मिरचीची थैली उचलली आणि माळ्यावर ठेवली. "उद्या मिलमध्ये निरोप धाडतो. जेवन रद्द."

"अहो, थोडक्यात करा," आई म्हणाली. "वर्षभरापासून वाट पाहून रायले तुम्ही."

"सोबत्याइले घरी बलावून बिमारी वाटू काय? चौतीस वर्षाची सोबत आहे आमची."

एवढं बोलून बाबा त्या चुना मारलेल्या भिंतीकडे तोंड करून बसले. मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो, घशाखाली घास उतरेना. हल्ली तसा तो उतरतच नव्हता, पण त्या दिवशी जास्तच.

नेमकी त्याच संध्याकाळी माझी मोठी बहीण नलूताई आली. पारशिवनीला शाळेत मास्तरीण. जेवणासाठी म्हणून सुट्टीत आली, तर दारात चिपाडांचा डोंगर! तिनं सगळं ऐकून घेतलं. फोटो पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिची दौत सांडली होती, तेव्हा असंच पाहिलं होतं.

"कॅमेऱ्यासोबत कागद होता का?"

मी आणून दिला. तिनं पहिली घडी उघडली. फक्त पहिली!

"हे वाचलं का तू?"

"चाळलं."

"हे पाय. पयल्याच पानावर, चौकट करून लिहून ठेवलं त्याइनं. फार गरम हवेत फोटो पिवळे, लालसर येतात. कॅमेरा थंड जागी ठेवा." तिनं वर टिनाकडे पाहिलं, मग लोखंडी पेटीकडे. "कुठी ठेवला होता गा?"

मला बोट दाखवायचीही गरज नव्हती. पेटीच बोलत होती.

तुम्हाला वाटेल, बाबा आता उठून मला बडवणार. छे! बाबा म्हणाले, "नलू, कागदावर काहीही लिहिलं असते. पुरावा?"

एक फोटो उरला होता. नलूताईनं कॅमेरा स्टीलच्या डब्यात घालून रात्रभर माठाजवळच्या ओल्या रेतीवर ठेवला. सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, भिंतीसमोर आम्ही उभे राहिलो. आई, बाबा, राणी, गुलाबराव. "तूही उभा राय," नलूताई म्हणाली. "आज मी काढतो."

ढर्रर्र! कागद तसाच डब्यात. दहा मिनिटं कोणी श्वास घेतला नाही. वर्षाची तयारी, साठ माणसांची पंगत, सगळं त्या डब्यात होतं. मग तिनं झाकण काढलं.

भिंत पांढरी! राणी पांढरी! बाबा आपल्या सावळ्या रंगावर, आई अशी ताजी टवटवीत! बाबांनी फोटो हातात घेतला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले, की गल्ली धावत आली. "आपल्याले काहीच नाही झालं! वडे होतील!" ते थेट माळ्यावर चढले. गुलाबराव तर नाचायलाच लागले. कोणाला माझा राग यायचीही फुरसत नव्हती.

मीही हसत होतो. तेवढ्यात गुलाबरावांनी चष्मा लावून फोटो पुन्हा पाहिला.

"हे सारं ठीक आहे," ते म्हणाले. "पन हा कोपऱ्यातला पिवळा कोन आहे?"

सगळे वाकले. कोपऱ्यात मी होतो.

"तेवढ्या कोपऱ्याले गरमी लागली असंल," मी म्हणालो. अजूनही माझं विज्ञान चालूच! नलूताईनं मला ओढून उजेडात नेलं आणि डोळ्याची खालची पापणी ताणली. आठ दिवस मला भूक नव्हती, पाय गळून जात होते. मला वाटलं, ऊस वाहून वाहून! आणि माझ्याकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं. निरोगी माणसाकडे कोण पाहतं?

डॉक्टर त्याच दिवशी परत आले होते. त्यांनी फोटो न पाहताच सांगितलं. खरीखुरी कावीळ! रसवंती किती दिवस, एवढंच त्यांनी विचारलं.

पंगत मात्र अशी झाली, की मिलमध्ये लोक वर्षभर आठवण काढत होते. फोडणीचा ठसका चार गल्ल्यांत गेला. बाबा स्वतः वाढत होते आणि दर माणसाला आग्रह करत होते. आणि मी? आत बाजेवर, समोर मऊ भात, तोही आळणी. बाहेर वडे तळल्याचा आवाज.

जेवण झाल्यावर बाबांचे सगळ्यात जुने सोबती दारातून डोकावले. "हा काहून झोपला गा? काय झालं याले?"

बाबा हात पुसत आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही बावा. साऱ्या गल्लीत एकटाच बिमार हाच होता, अन् महिनाभर आम्हा साऱ्याइचा इलाज करून रायला होता."