लष्करी मुंग्या आणि आम्ही तिघं

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. लोक विचारतात, "तुम्ही काय करता?" आपण खरं ते सांगतो, "मुंग्यांचा अभ्यास." समोरचा आधी हसतो, मग काहीतरी बोलून जातो, आणि झाला किस्सा! लखनौमध्ये बारा वर्षं माझं हेच चाललंय. लॅबमध्ये आम्ही तिघंच. रिटायरमेंटला आलेले तिवारी सर, जुन्या लखनौतल्या चौक भागातून स्कूटीवर येणारी पीएचडीवाली इरम, आणि मूळची नागपूरची मी. मुंगीही एकच: डोरायलस ओरिएंटॅलिस. लष्करी मुंगी. तांबूस, आंधळी, जमिनीखालून फौजेसारखी रांगेनं चालणारी.

*

माझी मुलगी मुक्ता तिसरीत आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. शाळेत टीचरनी विचारलं, "मम्मी क्या करती हैं?" हिनं ऐटीत सांगितलं, "आर्मी में हैं!"

पुढच्या आठवड्यात शाळेचं आमंत्रण. 'बच्चों को अपने काम के बारे में बताइए.' मी आपली मुंग्यांची बरणी घेऊन निघाले. गेटवर बघते तर मुलं दोन रांगांत, हातात झेंडे! प्रिन्सिपल मॅडमनी माझी कॉटनची साडी बघितली, मग बरणी बघितली. पण लखनौची अदब ती, सुटायची कशी!

"कौन-सी रेजिमेंट, मैम?"

मी म्हटलं, "डोरायलस."

"अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी मला मानानं स्टेजवर नेलं.

*

या मुंग्या जमिनीवर क्वचितच दिसतात. म्हणून भोकं पाडलेल्या डब्यात पाम तेल घातलेली माती भरायची, डबा पुरायचा आणि वाट बघायची. तेल संपलं म्हणून मी निशातगंजच्या एका दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "बहनजी, खाने के लिए चाहिए?"

"हो, म्हणजे हां. पण आमच्यासाठी नाही, चींटियों के लिए."

"मारने के लिए?"

"नहीं भैया, खिलाने के लिए."

त्यानं हातातला पाम तेलाचा डबा परत फळीवर ठेवला. मग अगदी कळवळून म्हणाला, "तो रिफाइंड ले जाइए. पाम से कोलेस्ट्रॉल बढ़ता है!"

*

लखनौच्याच महानगर भागात आमच्या जाधव काकूंच्या मुलीचं लग्न होतं. काकू मूळच्या अकोल्याच्या. दिवे नुकतेच लागले होते, आणि एक जाडजूड तपकिरी किडा भिरभिरत येऊन थेट काकूंच्या गजऱ्यात पडला. "ततैया! ततैया!" गांधीलमाशी समजून एकच पळापळ. मी तो हातानंच उचलला.

"काकू, घाबरू नका. हा आमच्या मुंगीचा नर आहे. याला डंखच नसतो!"

"मुंगी? पंख आहेत, एवढाले डोळे आहेत, आणि ही मुंगी?"

मग मी त्यांना सांगितलं, की जुने शास्त्रज्ञही असेच फसले होते. या कुळातले नर दिव्यावर सापडायचे, कामकरी मुंग्या मातीत. दोघांना एकत्र कुणी पाहिलेलंच नाही. त्यामुळे नरांना एक नाव, कामकरी मुंग्यांना दुसरंच! पुढे कळलं, की ही सगळी एकाच घरातली.

काकूंचा जीव हळहळला. "अगं बाई! एका घरातले आणि आडनावं वेगळी? आधारच्या दुरुस्तीला किती फेऱ्या माराव्या लागल्या असतील बिचाऱ्यांना!"

*

सरांच्या भिंतीवर नकाशा आहे. ही मुंगी जिथं जिथं सापडली तिथं लाल टिकली. नेपाळ, श्रीलंका, म्यानमार, थेट दक्षिण चीनपर्यंत. मध्येमध्ये मात्र मोठमोठे पट्टे कोरे.

इरमनं विचारलं, "सर, यहाँ नहीं मिलती?"

सरांनी चष्मा पुसला. "मिलती होगी, बेटा. वहाँ किसी की पोस्टिंग नहीं हुई."

*

आणि हा शकुंतलाजींचा. लखनौच्या बाहेर एका गावात त्या राहतात. रिटायर्ड शिक्षिका. सरांना त्यांचा फोन आला: बटाटे वरून धडधाकट, आतून पोकळ. गेली सहा वर्षं हेच!

आम्ही तिघं गेलो. गेल्यागेल्याच त्यांनी सांगून टाकलं, की हे सगळं जेठानीचं काम आहे. जेठानी म्हणजे मोठी जाऊ, कमलाजी. दोघींची शेतं लागून, मध्ये फक्त बांध. "कुछ करवाती है," शकुंतलाजी म्हणाल्या, म्हणजे करणी. सहा वर्षं बोलणं बंद. शेजारच्याच घरात पुतणीचं लग्न झालं, सनई ऐकू येत होती, पण या उंबरा ओलांडून गेल्या नाहीत. हे सांगताना त्यांनी दोनदा डोळ्याला पदर लावला.

इरमनं खुरपीनं वाफा उकरला. एक बटाटा काढून मी मधोमध कापला. आत नुसती भोकंच भोकं, आणि त्यांतून तांबूस फौज भळाभळा बाहेर! सरांनी त्यांची वाट हळूहळू उकरत नेली. ती सरळ बांधाखालून पलीकडे गेली होती.

शकुंतलाजींनी खाली बसून ती वाट बोटानं चाचपली. मग कापलेला बटाटा ओंजळीत घेतला आणि बांध ओलांडून निघाल्या. मुंग्या हातावर चढत होत्या, चावत होत्या, पण त्यांना भान नव्हतं. आम्ही मागोमाग.

कमलाजी अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. शकुंतलाजींनी बटाटा त्यांच्यासमोर ठेवला. "दीदी, ये थीं. हम समझे, तुम..."

कमलाजींनी वाकून बघितलं. मग आत गेल्या आणि एक टोपली घेऊन आल्या. टोपलीभर बटाटे, सगळे तसेच पोकळ.

"और हम समझे, तुम!"

मग शकुंतलाजी हसायला लागल्या, कमलाजी रडायला लागल्या, आणि जरा वेळानं उलटं झालं. कमलाजींनी धाकट्या जावेच्या हातावरच्या मुंग्या एकेक करून वेचून काढल्या.

हे सगळं आटोपल्यावर दोघींनी एकदमच मान वळवून आमच्याकडे बघितलं. विचारलं मात्र कमलाजींनी.

"और आप लोग छह साल से कहाँ थे?"