शेंदूर विकत घेणारे मास्तर

आमची गाडी सावळ घाटात बंद पडली आणि त्या दिवसापासून घरातली कमाईही बंद पडली. वडील त्या जुन्या डिझेल गाडीतून नाशिकहून पेठला सीटा न्यायचे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, म्हणजे डिफरन्शल, त्यातले दात तुटले होते. इंजिन चालू, गिअर पडतोय, गाडी जागची हलत नाही. वडिलांनी ती ओढून पेठ रोडच्या आमच्या वसाहतीत आणली. तिसऱ्या दिवशी आईने बातमी आणली की सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला मुली घेताहेत, ठेकेदाराला एक तारखेपर्यंत कळवायचं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेज सुटलं तर नक्की काय काय जातं, हे सांगणारंही घरात कोणी नव्हतं.

वडिलांनी मास्तरांना बोलावलं. मास्तर आयटीआयमधून शिकवून निवृत्त झालेले. वसाहतीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. कुठल्याही कामाला चांगलं म्हणायचं नाही, ही त्यांची ख्याती. फार खूश झाले तर "चालेल" म्हणायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात कोणीतरी विचारलं, "मास्तर, जावई कसे आहेत?" तर म्हणाले, "चालतील." जावई शेजारीच उभे होते.

मास्तर गाडीखाली गेले, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "नवीन मिळत नाही. मिळालं तर तुम्हाला झेपणार नाही. भंगारात बघू." मग वडील आणि ते अंबडच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे गेले. तिथे तशाच गाडीचं डिफरन्शल मातीत अर्धं रुतून पडलेलं होतं. भंगारवाला म्हणाला, मोठं चाक तेवढं घ्या, त्याला फिरवणारा छोटा पिनियन तुमचाच वापरा. "ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना घासून जुळलीत," मास्तर म्हणाले. "एकाला उचलून दुसऱ्याच्या घरी नांदायला पाठवू नका. जोडीने द्या."

घरी आणल्यावर वडिलांनी त्यावरचा गंज बघितला. "मास्तर, हे तर आपल्यापेक्षा खराब दिसतंय."

"दिसतंय. दात मोजा."

वडिलांनी मोजले. सगळे होते.

"आपल्यातले तीन नाहीत," मास्तर म्हणाले. विषय संपला.

तीन दिवस ते सगळं डिझेलमध्ये भिजत पडलं. मग तारेच्या ब्रशने घासणं, बेअरिंग नवीन घालणं. खरं काम त्याच्या पुढे होतं. मोठ्या चाकाचा आणि पिनियनचा दात एकमेकांना बरोबर मधोमध लागला पाहिजे. कडेला लागला तर गाडी आधी रडते आणि मग घाटात दात टाकते. तो मधे आणण्यासाठी कागदासारख्या पातळ लोखंडी चकत्या घालायच्या किंवा काढायच्या. त्यांना शिम म्हणतात. आणि दात कुठे लागतोय हे बघायला मास्तर दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचे. चाक फिरवलं की लागलेल्या जागी ठसा उमटतो.

शेंदूर आणायला मास्तर पंचवटीतल्या पूजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मूर्ती केवढी आहे?"

"साडेआठ इंच."

"तेल देऊ का बरोबर?"

"तेल घरचं आहे."

हे आमच्या वसाहतीतल्या एकाने ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत विहारात पोचवलं. आम्ही सगळी बौद्ध माणसं. मास्तर दर रविवारी वंदनेला पहिल्या रांगेत, आणि आता शेंदूर! दुसऱ्या दिवशी विहाराचे सेक्रेटरी शेडमध्ये आले. "जय भीम, मास्तर. एक ऐकलंय, ते खरं का?"

"खरं आहे. खाली बसा."

सेक्रेटरी बसले.

"हे चाक फिरवा. आता बघा, कुठे लागलंय?"

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "मधे नाही लागलं. कडेला लागलंय."

"मग शिम काढावी लागेल. धरा मोबाईलची बॅटरी."

सेक्रेटरी दोन तास बॅटरी धरून होते. शेंदराचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट रोज संध्याकाळी ते "आज कुठं लागलं?" म्हणून विचारून जायचे.

रोज कडेलाच लागायचं. मास्तर सात वेळा जोडून सात वेळा खोलून बसले आणि एक तारीख आली. त्या सकाळी वडील शेडमध्ये गेले, मागोमाग मी आणि आई.

"मास्तर, लय झालं," वडील म्हणाले. "बसवा आता. न्हाय तर पोरीला आज ठेकेदाराकडं धाडावं लागतंय."

"बसवतो. घाटात दात गेले की तिला पुढच्या महिन्यात जावंच लागेल. त्यापेक्षा आजच पाठवा, माझी मेहनत वाचेल." मग माझ्याकडे वळले. "सुजाता, तुझं कॉलेज आहे. तू बघ आणि सांग."

मी वाकून बघितलं. ठसा मधोमध आल्यासारखा वाटत होता. नीट बघितल्यावर एका बाजूला जाड होता. मी "बसवा" म्हणाले असते तर वडील सुटले असते.

"कडेला आहे, मास्तर. खोला."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तुझंच नशीब खोलायला सांगतेस!" त्या दुपारी पॅकिंगची जागा दुसऱ्या मुलीला गेली. घरात रात्रीचं जेवण झालं, पण कोणी कोणाला वाढलं नाही.

मास्तरांनी आणखी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी ठसा मधोमध आला. त्यांनी तो सगळ्या दातांवर तपासला, मला तपासायला लावला, सेक्रेटरींना तपासायला लावला आणि म्हणाले, "चालेल."

पहिल्या फेरीला मास्तर स्वतः मागच्या सीटवर, बरोबर डिफरन्शलच्या वर बसले. घाट सुरू झाला तसे डोळे मिटून ऐकत राहिले. टोपली मांडीवर घेतलेल्या एका बाईने वडिलांना विचारलं, "म्हातारबा झोपलं का काय?" मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "बाई, बोलू नका. चढ संपू द्या." घाटमाथ्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून हाताने गोळा किती तापलाय ते पाहिलं, आणि वडिलांना सांगितलं, "आठ दिवस जोरात पळवू नका. मग तेल बदला." एवढं बोलून ते रस्त्याच्या पलीकडे नाशिकच्या एसटीची वाट बघत उभे राहिले. वडील म्हणाले, "मास्तर, येताना सोडतो की." तर म्हणाले, "येताना तुमची एक सीट अडेल."

मास्तर गेल्या वर्षी गेले. झोपेतच गेले, कोणाला न बोलावता. शेडमधली हत्यारं जावयांनी आयटीआयला दिली. आमची गाडी अजून पेठला जाते आणि ते डिफरन्शल पुन्हा उघडावं लागलेलं नाही.

मी बी.एस्सी. झाले. पहिल्या वर्गात झाले. आमच्या घरात माझ्याआधी पदवी कोणाकडे नव्हती.