जखम वाटोळी नव्हती

आमच्या हिला सगळे रफूवाली म्हणत. कोट-शालींना रफू करता करता नजर इतकी बारीक झाली, की डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला चित्रं काढायला ठेवून घेतलं. मी तिथंच वायरमन, म्हणून हे सगळं मला बघायला मिळालं. ही स्वतः कसली सांगते!

डॉक्टर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याचा अभ्यास करत. तो खरचटला तर दोन-तीन दिवसांत आपला आपण भरून येतो, पण कसा? ग्राइंडरवर काम करणाऱ्या कुणाच्या डोळ्यात लोखंडाची कणी गेली, की ती काढून पिवळा थेंब घालायचा आणि निळा दिवा लावायचा. खरचटलेली जागा हिरवी चमकते. ती हिनं दर चार तासांनी कागदावर उतरवायची.

डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, जखम वाटोळी आक्रसत जाते. हिच्या कागदांवर मात्र कडेचा नवा थर तीन बाजूंनी जिभांसारखा आत यायचा आणि शेवटी तीन फाट्यांची हिरवी रेघ उरायची.

“बाई, हात कापतो का तुमचा?”

“हात नाही कापत, साहेब. डोळाच असा भरतोय.”

“उद्या सगळी चित्रं गोल करून आणा. नाहीतर येऊच नका.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिची नोकरी कायम व्हायला आठवडा उरलेला. घरी म्हटलं, “अगं, वाटी ठेव आणि पेन्सिल फिरव. कुणाचं काय जातंय?”

“ज्याचा डोळा आहे, त्याचं जातंय. तुम्हीच फिरवा वाटी, आणि त्याच वाटीत जेवा. मी काही रांधलेलं नाही.”

उपाशी झोपलो, खरं सांगतो.

सकाळी तिनं तेच कागद डॉक्टरांच्या टेबलावर आपटले. आदल्या दिवशी कणी काढलेला एक कामगार खुर्चीत बसलेलाच होता.

“आज तुम्ही बघा, साहेब. दर चार तासांनी. मी पेन्सिलीला हात लावणार नाही.”

डॉक्टर चडफडत बसले. दुपारी निळ्या दिव्याचा बल्ब गेला, तो मी बदलला. कापत होता तो माझा हात! संध्याकाळी डोळे तपासायच्या यंत्राच्या भिंगातून बघत त्यांनी फाटे दोनदा मोजले.

“तीन फाटे आहेत खरे,” शेवटी म्हणाले. “बरं, बाई. यापुढं सगळ्या डोळ्यांची चित्रं अशीच काढा.”

मी म्हटलं, सुटलो.

“सगळ्यांची अशीच नाही काढणार,” ही म्हणाली. “ज्याचा डोळा जसा भरेल, तशी काढीन.”