तळाचं पांघरूण

आमची मासेमारीची पोलादी होडी यंदा तळातून गळू लागली. नारळी पौर्णिमेआधी दरवर्षी आम्ही तिला बाहेरून खरवडून रंग द्यायचो, कारण आमचं वैर समुद्राशी. आत साचलेल्या पाण्याखालचा बुळबुळीत थर मात्र बाबा कधी काढू देत नसत. “राहू दे, लोखंडाला तेवढंच पांघरूण,” म्हणायचे.

आज मी तो थर हाताने बाजूला सारला, तर खाली पत्र्यात वाटाण्याएवढे खड्डे. त्या मऊ पांघरुणात जिवाणू संसार थाटून पोलाद खात बसले होते. समुद्र निदान आवाज करून अंगावर येतो. बिलगून बसलेल्याला कोण खरवडतं?

बाबा बराच वेळ खड्ड्यांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “बाहेरचा रंग बघ, अजून नवा आहे.”